कांडणघरातली शिस्त

शहापूर, ६ जानेवारी १९४१

आज कांडणघर सुरू झालं. जुन्या वखारीची लांब पडवी ग्रामोद्योग मंडळाने भाड्याने घेतली आहे. जमिनीत पाच उखळं पुरली, अकरा बायका आल्या. एका उखळावर दोघी, समोरासमोर, आणि एक पाखडायला. गिरणीच्या तांदळाचा कस जातो म्हणून हातसडीचा तांदूळ मुंबईला धाडायचा आणि इकडच्या बायांना काम द्यायचं, असा मंडळाचा विचार. विचार मोठा आहे. मला त्यातलं एवढंच कळलं, की होळी झाल्यावर मंडळाची माणसं बघायला येणार. काम पसंत पडलं तर कांडणघर राहील आणि त्यामागची माझी खोलीही राहील. नाहीतर मुरबाडला दिराकडे. तिथे यजमान, म्हणजे मास्तर, वारल्यावर तीन महिने काढून आले आहे. सरस्वती जाऊबाई वाईट नाहीत, पण त्यांच्या घरात पाणीसुद्धा विचारून प्यावं लागतं.

पहिल्या दिवशी हसायचं नाही, हे मास्तरांचं शिकवणं. "वर्गात मास्तर एकदा हसला, की पोरं वर्षभर हसतात." मी हसले नाही. तसंही हसू कुठून येणार होतं!

बायांमध्ये सर्वांत मोठी बाईजा. पन्नाशीची असेल, सापगावची. निम्म्या बाया तिनेच जमवून आणल्या आहेत. आल्या आल्या माझा हात धरून म्हणाली, "मास्तर लय भला मानूस. आमच्या लडकूला त्यांनीच लिवाया शिकवलं. ग्येले आयकलं तवा जेवान ग्येलं नाय गो बाई." मी हात सोडवून घेतला आणि म्हटलं, कामाला लागा.

सेक्रेटरी कुंडलिकराव कल्याणहून महिन्यातून एकदा येणार. त्यांनी सांगितलं होतं की बायांतलीच एक मुकादम करा. मी बाईजाला केलं. लगेच हेही सांगितलं, की मला विचारल्याशिवाय काही करायचं नाही.

१० जानेवारी

मास्तर चार माणसांत माझं बोलणं सुधारायचे. "नाय नव्हे, नाही." आता माझ्या तोंडून "नाय" निघत नाही. ह्या बाया दिवसभर नाय, हाय, व्हय करतात आणि कांडताना घरचं सगळं काढतात. कोणाची सासू, कोणाची म्हैस, कोणाचा नवरा ताडीच्या नादी लागला. तोंड चालतं तेव्हा मुसळ चालत नाही, असं मी म्हटलं. बाईजा म्हणाली, "चालतं की बाई, बगा ना." सगळ्या हसल्या. मला ते आवडलं नाही.

दुपारी भागीरथीने घरी जायला मागितलं. पोराला ताप होता. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "मास्तर तापात होते तेव्हा शाळा बंद राहिली नव्हती. घरची गोष्ट घरी. कामाच्या जागी घरची रड आणायची नाही." भागीरथी संध्याकाळपर्यंत मान खाली घालून कांडत राहिली. तिचं काम आज सर्वांत जास्त भरलं, हे मी मुद्दाम बघितलं.

१२ जानेवारी

भागीरथीचं पोर बरं आहे म्हणे. मग एवढं कशाला?

१४ जानेवारी

संक्रांत. बाया तिळगूळ घेऊन आल्या. बाईजाने माझ्यासाठी वेगळा आणला होता, पळसाच्या पानात बांधून. मी म्हटलं, काम संपल्यावर बघू. काम संपलं तेव्हा तिने काही काढला नाही. मीही मागितला नाही. मागच्या संक्रांतीला मास्तरांनी लाडवात गूळ कच्चा राहिला म्हणून ताट सरकवलं होतं. ते आठवलं, पण आठवून काहीच झालं नाही. लोक विचारतात, रडू येत नाही का. नाही येत. पाय मोडून बसलं की मुंग्या येतात आणि मग कळेनासं होतं, तसं आहे.

२१ जानेवारी

पारू अंगाने दणकट आहे. तिचा घाव सर्वांत भारी आणि हात सर्वांत जलद. आज ती मागच्या दाराने माझ्याकडे आली. म्हणाली, "बाई, तुमाला म्हनून सांगते. त्या तुमच्या पाठीमागं बोलतात."

"काय बोलतात?"

"नको."

"बोल."

"बाईला पोरबाळ नाय, म्हनून बाईला मया नाय, असं."

कोण म्हणालं ते तिने सांगितलं नाही. मी विचारलं, बाईजा का? ती गप्प राहिली. म्हणजे बाईजाच. मला वाईट वाटलं. हे इथे लिहायला हरकत नाही. दहा वर्षांच्या संसारात एकदाही दिवस गेले नाहीत आणि त्यावर मास्तर माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. ते गप्प राहणं मी चांगुलपणात धरत होते.

उद्यापासून पारूला दाराजवळचं उखळ द्यायचं. तिथे वारा येतो. अशी एक तरी बाई आपल्या बाजूची हवी.

३० जानेवारी

राही म्हणून एक पोरसवदा बाई आहे, सापगावच्या बुधूची बायको. ती बाईजाच्या जोडीला असते. सकाळी मागे जाऊन ओकली. विचारलं तर म्हणाली, शिळी भाकर बाधली. परवाही ओकली होती. दुपारी पदरातून चिंच काढून खात होती. शिळं बाधलेल्या माणसाने चिंच खाऊ नये, एवढंही ह्यांना कळत नाही.

मी तासभर त्यांच्या उखळाशी उभी राहिले. दोघींनी आळीपाळीने घाव घालायचा, एक वर तर एक खाली. पण बाईजा दोन घाव घालते तेव्हा राही एक घालते, तोही वरवरचा. म्हातारी राबते आणि तरणी मिरवते! मी तिथेच ओरडले. "राही, फुकटचं खायला येतेस काय इथे?" तिचा चेहरा इतकासा झाला.

थोड्या वेळाने बाईजा आली. "बाई, वाईच बाजूला येताव का? राहीचं एक सांगायचं व्हतं."

"कामाचं आहे का घरचं?"

ती घोटाळली. "आता... घरचंच म्हना."

"मग घरी."

"बरं," ती म्हणाली आणि गेली. मुकादम केलं म्हणून लगेच शिफारशी घेऊन यायचं, हे चालायचं नाही. आज वेळीच आवरलं ते बरं झालं.

५ फेब्रुवारी

आज डोकं फिरलं. मी पोस्टात जाऊन आले तोवर बाईजाने राहीला उखळावरून उठवून सुपाशी बसवलं होतं. पाखडण्याचं बसून करायचं काम मी सुंदराला दिलं आहे. तिचा गुडघा धरतो. ती सुंदरा हसत हसत मुसळ मारत होती आणि राही सूप घेऊन बसली होती. कोणाला विचारून?

"मीच म्हनलं बाई," बाईजा म्हणाली. "तुमीच मला मुकादम केलीव ना?"

"मुकादम कोण आणि बाई कोण?" मी विचारलं. सगळी मुसळं थांबली. "सांग ना. ह्यांच्यासमोर सांग."

"बाई तुमीच."

"मग राही उखळावर. आणि तुझ्या जोडीला नाही, पारूच्या जोडीला."

बाईजाने हात जोडले. खरंच जोडले. "पारूसंगं नको बाई. तिचा हात लय जलद. पोरीला झेपनार नाय."

"झेपत नाही म्हणूनच. जलद हाताबरोबर हात जलद होतो."

हे मला आयत्या वेळी सुचलं. पण खोटं नाही. पारू थांबली तर राही थांबेल. पारू चालली तर राहीला चालावंच लागेल, नाहीतर मुसळावर मुसळ आदळेल. बाकीच्या जोड्याही मी बदलल्या. बहीण-बहीण, जाऊ-जाऊ अशा त्यांनी आपल्या आपण लावून घेतल्या होत्या. म्हणून तर गप्पा चालत होत्या.

८ फेब्रुवारी

पारूसुद्धा हल्ली हळू मारते. मी तिच्याजवळ जाऊन म्हटलं, "पारू, तुला पण वारं लागलं का त्यांचं? दाराजवळची जागा दुसरीला देऊ?" तिने राहीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग मारायला लागली, पूर्वीसारखं. राहीनेही घाव धरला. घामाने भिजली होती, पण धरला. बघा, होतं की नाही! अंगात असतं, काढून घ्यावं लागतं.

कांडणघरात आता मुसळाशिवाय आवाज नसतो. बाईजा अजून मुकादम आहे, पण कोणाला काही सांगत नाही. विचारलं तर म्हणते, "तुमी सांगाल तसं."

१३ फेब्रुवारी

कुंडलिकराव येऊन गेले. तांदळाच्या थप्प्या बघून त्यांनी चष्माच पुसला. "देवकीबाई, महिन्यात एवढा फरक! कसं काय जमवलंत?"

"जोड्या बदलल्या," मी म्हटलं.

ह्या बाया बाईजाने गोळा केल्या, हे त्यांना सांगायला हवं होतं का? त्यांनी विचारलं नाही. बाईजा तिथेच पोती शिवत होती. मग त्यांनी मूठभर तांदूळ तळहातावर घेतला आणि म्हणाले, कण्या फार आहेत, घाईने सडताय का? मी म्हटलं, ते मुकादमाचं काम, तिचं लक्ष राहत नाही. बाईजाने वर बघितलं नाही. दाभण ओढत राहिली.

जाताना म्हणाले, मंडळ खूश होईल. हे ऐकून मला काय वाटलं, ते आठवून लिहायचा प्रयत्न केला. मुरबाडची खाट डोळ्यांपुढून जरा लांब सरकली, एवढंच.

२१ फेब्रुवारी

दुपारी, ऊन दारात आलं तेव्हा, राही खाली बसली. मुसळ हातातच होतं. मी म्हटलं, ऊठ. ती म्हणाली, "उठते बाई." आणि उठली नाही. मी आणखी एकदा म्हटलं. मग तिच्या लुगड्याखाली जमिनीवर रक्त दिसलं.

सगळ्यांनी मुसळं टाकली. मला कोणी विचारलं नाही, माझ्याकडे कोणी बघितलंही नाही. बाईजाने राहीला मांडीवर घेतलं. पारू "आई गो, आई गो, म्या मारलं गो," असं म्हणत कपाळ बडवून घेत होती. भागीरथीने तिचे हात धरले. सुंदरा लंगडत जाऊन घोंगडी घेऊन आली. मुसळाला घोंगडीची झोळी बांधली, तिच्यात राहीला घातली आणि खांद्यावर घेऊन त्या सापगावच्या रस्त्याला लागल्या. मी दारात उभी होते. काय करायचं ते मला सुचेना. बरोबर चला, असं कोणी म्हणालं नाही.

पाचही उखळांत अर्धवट सडलेला तांदूळ होता. मी तो काढून सुपांत झाकून ठेवला. मग जमीन सारवली.

२२ फेब्रुवारी

कोणी आलं नाही. दिवसभर दारात बसून होते. आता मंडळाला काय सांगणार, आणि मुरबाडला कोणत्या तोंडाने जाणार, हेच डोक्यात फिरत होतं. राहीचा विचारही येत होता. पण मुरबाडचा आधी येत होता, हे खरं.

२३ फेब्रुवारी

आल्या. राही सोडून सगळ्या, वेळेवर. आपापल्या उखळाशी, मी लावलेल्या जोडीत, उभ्या राहिल्या. पारूच्या समोरची जागा तेवढी मोकळी.

बाईजाला आत बोलावलं. राही कशी आहे, विचारलं.

"हाय. जित्ती हाय."

"आणि...?"

"ग्येलं. पाचवा म्हयना व्हता. मुलगा व्हता." तिचा आवाज सपाट होता. "आदीचे दोन असेच ग्येले तिचे. ह्यो तरी टिकवावा, म्हनून समद्यांनी तिचे घाव आपसात वाटून घेतले व्हते. काम सोड म्हनलं तर घरात बुधू एकलाच कमावता, सासू आंधळी. म्हनून मी तिला माज्या जोडीला घेतली व्हती."

"मला कुणी सांगितलं का नाही?"

"सांगाया आलते मी."

"स्पष्ट सांगायचं!"

"घरची गोष्ट घरी, असं तुमी म्हनलाव बाई." तिने हे रागाने म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं. माझ्याच हुकमाची ती मला आठवण करून देत होती, जशी मुकादमाने द्यावी.

ओकाऱ्या, चिंच, घाम. सगळ्यांना ठाऊक होतं. सुंदराला, भागीरथीला, पारूला पण. पारू मला नको ते सगळं येऊन सांगायची. हे नाही सांगितलं. एका पडवीत दहा बायका महिनाभर एक गोष्ट जपत होत्या आणि कोणापासून, तर माझ्यापासून.

मला काहीतरी बोलायचं होतं. बाईजा वाट बघत उभी होती. तोंडातून निघालं ते हे, "पारूच्या समोर दुसरी बाई बघायला हवी."

"बघते," ती म्हणाली.

३ मार्च

बाईजाने कमळ नावाची नवी बाई आणली आहे. काम चाललं आहे.

आज मी म्हटलं, बोलत जा गो थोडं, कांडताना. "गो" माझ्या तोंडून कसा निघाला कोण जाणे. बाईजा म्हणाली, "काय बोलायचं बाई?" मी म्हटलं, काहीही. त्यांनी एकमेकींकडे बघितलं. हिचा आता काय डाव आहे, असं बघत होत्या. मग भागीरथी म्हणाली, "अवंदा ऊन लवकर पडलं." कोणीतरी "व्हय" म्हणालं. संपलं.

पारूला विचारलं, माझ्याबद्दल काय बोलतात? "काय बी नाय बोलत बाई," पारू म्हणाली. खरं सांगत होती, असं वाटतं. तिने दाराजवळची जागा आपणहून सोडली आहे. तिथे आता कमळ उभी राहते, तिला काही ठाऊक नाही.

१६ मार्च

मंडळाची माणसं येऊन गेली, चौघं. कुंडलिकराव पुढे. बाया एका तालात कांडत होत्या, मान वर न करता. एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ म्हणाले, "इतर ठिकाणी नुसता मासळीबाजार असतो. इथली शिस्त बघा!" त्यांनी बायांना विचारलं, काही तक्रार आहे का? बाईजा म्हणाली, "नाय." दुसऱ्यांदा विचारलं. "काय बी नाय. बाई सांगतील तसं."

कांडणघर कायम झालं. पावसाळ्यानंतर किन्हवलीला दुसरं काढायचं म्हणतात, तेही माझ्याकडेच. कुंडलिकराव म्हणाले, तिथल्या बायांनाही असंच तयार करा.

दिराला कार्ड टाकलं, येत नाही म्हणून. एवढी वाट बघितली ह्या कार्डाची, आणि लिहिताना हात माझा आहे असं वाटेना.

१९ मार्च

सापगावला जाऊन आले. बाईजाला सांगितलं नाही, नाहीतर तिने आधी जाऊन झाडलोट केली असती. बरोबर गूळ आणि डिंक घेतला होता. बाळंतिणीला नेतात तसा. मग वाटेत वाटलं, हे न्यावं की नाही? अशा वेळी काय न्यायचं असतं ते मला कोणी सांगितलेलं नाही, आणि आता विचारणार तरी कोणाला?

वाटेवर मनात सगळं जुळवलं होतं. राही, मला कळलं नाही. मला कळायला हवं होतं. बाईजा आली होती तेव्हा मी ऐकायला हवं होतं. हे तीन-चारदा पुटपुटलेसुद्धा. पुटपुटताना डोळ्यांत पाणी आलं. मास्तर गेल्यापासून पहिल्यांदा.

राही ओट्यावर सासूच्या पायाला तेल लावत होती. गाल बसले होते. मला बघितल्याबरोबर तिचा हात थांबला. धडपडून उठली, तेलकट हातानेच पदर डोक्यावर ओढला आणि भिंतीला टेकून उभी राहिली. मी तोंड उघडायच्या आधीच बोलायला लागली.

"येते बाई, उद्या येते. येनारच व्हते. आता ताकद आलीय. ह्ये चार दिस जास्ती झाले, पन आता खाडा करनार नाय. पारूसंगं पन चालेल. कोनासंगं बी चालेल."

आंधळ्या सासूने विचारलं, "कोन आलंय गो?"

"कामावरची बाई आलीया," राही म्हणाली. "कामावरनं माजं नाव नका काढू बाई. तुमी म्हनाल तसं मारीन."

मला जे बोलायचं होतं, ते इथे लिहिलं आहे. तिथे उभी राहून मी तिच्या पायांकडे बघत होते. सुजलेले होते. सासू कान देऊन होती. शेजारची पोरं जमली होती. राही माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि मला एकच बोलणं येत होतं.

"बरं," मी म्हटलं. "वेळेवर ये."

तिने एवढा मोठा श्वास सोडला. मग खाली वाकून माझ्या पाया पडली. मी पडू दिलं.